बिनघामाचा व्यायाम

ज्या दुष्काळात लातूरला प्यायचं पाणी आगगाडीनं आलं, त्याच दुष्काळात उदगीरला बायकांसाठी बारबेलचा वर्ग निघाला. जिथं निघाला त्या व्यायामशाळेच्या पाटीवर गावाच्या नावाखाली ‘नियोजित जिल्हा’ असं रंगवलेलं होतं. नियोजन कुणी केलं होतं ते पाटी रंगवणाऱ्यालाच ठाऊक. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं तेव्हापासून उदगीरकर आपला नंबर लागायची वाट बघत बसलेत. त्या वर्षी ही हूल पुन्हा उठली होती आणि चहाच्या हॉटेलात कलेक्टर कचेरी कुठल्या रस्त्याला होणार यावरून माणसं हातघाईवर येत होती. नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावाला कलेक्टर हवा होता. तो आल्यावर आंघोळ कशानं करणार, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

मी तिथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते. मूळची नांदेडकडची, एकटी, लग्न न केलेली, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी. व्यायामाबद्दल मला लहानपणापासून तिटकारा. ज्या घरातली माणसं दिवसभर वझी वाहतात त्या घरात व्यायाम हा शब्दच नसतो. सकाळी गाड्या लावून फिरायला येणारी आणि फिरून झालं की गाडीत बसून घरी जाणारी माणसं पाहिली की मला अजूनही हसू येतं. अशा बाईनं चाळिशी उलटल्यावर पैसे भरून लोखंड उचलायला जावं, याला कारण आई होती.

आई नांदेडला माझ्या धाकट्या भावाकडे असायची. श्रावणात ती न्हाणीत पडली. पाऊस नव्हता, नळ नव्हता, न्हाणी कोरडी ठणठणीत होती, तरी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत पायावर उभी राहिली नाही. सकाळ-संध्याकाळ उचलून खुर्चीत बसवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. भावानं तिला मागच्या खोलीत लोखंडी पलंगावर ठेवलं होतं, समोर कपड्यांचं कपाट. दिवसभर तिनं त्या कपाटाकडे बघायचं. भाऊ-भावजय दोघं नोकरीला. भावजय अंगानं काडी, पण आईला अशी उचलायची की दोरीवरचे कपडे काढावेत. ना एक शब्द, ना एक विचारणा. उचललं, बसवलं, गेली. मला ते बघवायचं नाही. ज्या बाईनं आम्हाला लहानाचं मोठं केलं तिला असं हाताळतात का, असं माझ्या अगदी ओठावर यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला गेले आणि जाहीर केलं की आईला मी उदगीरला नेणार. दिवसा सोबतीला बाई ठेवीन, सकाळ-संध्याकाळ मी स्वतः उचलीन. आई कपाटाकडे बघत राहिली. भावजय म्हणाली, “न्या की ताई. पण तुम्हाला उचलायला जमल का? एकदा उचलून बघा बरं.”

मी आईच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती हलली नाही. पुन्हा जोर लावला, माझ्याच कमरेत कळ आली. आई म्हणाली, “सोड माय, मोडशील मला.” मग भावजय आली, तिनं मला बाजूला सारलं, आईला उचलून खुर्चीत ठेवलं आणि दूध उतू जातंय का ते बघायला निघून गेली. भाऊ दारातून बघत होता. म्हणाला, “अक्का, तू खडू उचलणारी बाई. हे काम तुला झेपणार न्हाई.”

मला इतका राग आला होता की मी जेवले नाही. आईला उचलता आलं तर ती माझ्याकडे येणार, नाही आलं तर त्या कपाटाकडे बघत मरणार, एवढी साधी गोष्ट होती. उदगीरला परतल्यावर त्याच आठवड्यात मी त्या ‘नियोजित जिल्ह्या’ची पायरी चढले.

वर्ग घेणारा पोरगा लातूरचा होता. पुण्याला जाऊन कसलंसं सर्टिफिकेट घेऊन आला होता आणि ते त्यानं देवाच्या फोटोशेजारी टांगलं होतं. बनियन दोन मापं लहान. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “मॅडम, जिल्हा झाला की ऑफिसर लोक येतील. त्यांच्या मिसेस येतील. तव्हा इथं उभं राहायला जागा मिळणार न्हाई. आत्ताच ॲडमिशन घेऊन टाका.” मी विचारलं, माणूस उचलायला किती दिवसांत शिकवाल? त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तो हसला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्याला कुठलीच गोष्ट नीट कळली नाही की तो हसतो.

नव्या माणसाला तो बार देत नसे, प्लॅस्टिकचा पाइप देई. पाण्याचाच पाइप, नळजोडणीचा. गावातल्या बाकीच्या पाइपांसारखा तोही कोरडा होता. तो पाइप नडगीला लावून वाकायचं, पाठ सरळ ठेवायची, पायांवर जोर देऊन उठायचं, असं पंधरा-वीस बायका सकाळी रांगेत उभ्या राहून गाण्याच्या तालावर करत. ज्यांचा पाइप संपला त्यांना लोखंडी बार, मग बाराला दोन्हीकडून चकत्या. माझी पाठ वाकायची. पोरगा ओरडायचा, “मॅडम, कुबड काढू नका.” सगळ्या बायका वळून बघायच्या. मुलांच्या चुका लाल पेनानं गोल करण्यात माझी वीस वर्षं गेली होती. मला कुणी असं सगळ्यांदेखत ओरडलं नव्हतं.

पण या वर्गाची खरी गंमत मला आठवडाभरानं कळली. इथं कुणीच घाम येऊ देत नव्हतं.

प्रत्येकीच्या घरी आंघोळीला एक बादली, काहींकडे तीही दिवसाआड. त्यामुळे या बायकांनी घामावर बंदी घातली होती. पंख्याखालची जागा धरायला त्या वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन रुमाल टाकून ठेवत. बार हातात घेत, दोनदा उचलत, वरच्या ओठावर थेंब दिसला की लगेच खाली ठेवत आणि एकमेकींना सांगत, “बास बाई, आज पाण्याची पाळी न्हाई आमची.” कपाळ टिपून बघत, रुमाल कोरडा निघाला की समाधान. ज्या दिवशी गल्लीत टँकर येणार असेल त्या दिवशी थोडं जास्त उचलत. पोरगा बिचारा बोंबलायचा, “घाम काढा मॅडम, घाम निघाल्याशिवाय ताकद येत न्हाई.” त्याला कुणी भीक घालत नव्हतं. व्यायामाचे पैसे भरलेत आणि व्यायाम होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा चाललाय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आणि हाच पोरगा दर सोमवारी त्यांचे दंड टेपनं मोजून ‘प्रगती आहे’ म्हणायचा.

घाम फक्त एकीला यायचा. एका इंजिनिअर साहेबांच्या मिसेस होत्या. बंगल्यात बोअर, बोअरला पाणी, शिवाय साहेबांच्या खात्याचा टँकर दाराशी. त्या मनसोक्त घाम गाळायच्या, जाडजूड टॉवेलनं पुसायच्या आणि बाकीच्या कौतुकानं बघत राहायच्या. “मॅडम किती मेहनत घेतात,” असं रोज कुणीतरी म्हणायचं. पोरगा त्यांच्या बाराला रबराच्या जाड चकत्या लावायचा. त्या दिसायला गाडीच्या चाकाएवढ्या आणि वजनाला हलक्या. लोखंडाच्या लहान चकत्या लावलेला माझा बार त्याहून जड होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. साहेबांच्या बायकोपेक्षा जड दिसेल असं काही कुणी उचलायचं नाही, हा तिथला न लिहिलेला नियम होता. बँकेतल्या एका बाईला जास्त जमत असूनही ती हलक्या चकत्यांवरच अडून राहायची. जिल्हा व्हायच्या आधीच यांनी कलेक्टर कचेरीचे रिवाज अंगी बाणवले होते.

मला मात्र घाम काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मागच्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब उभी राहायचे आणि उचलायचे. कपाळावरून डोळ्यांत घाम यायचा, पाठ भिजायची. घरी आले की तांब्याभर पाण्यात पंचा बुडवून अंग पुसायचं आणि शाळेत जायचं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची हळूहळू लांब सरकली. सरकू दे, म्हटलं. आईला उचलताना कुणी माझा वास घ्यायला येणार नव्हतं.

मग वर्गात एक नवी टूम निघाली. माझ्यानंतर बार पुसायचा. एक फडकं आणून ठेवलं गेलं. कारण काय, तर घामानं बार निसटतो. इंजिनिअरीणबाईंच्या घामानं तो निसटत नसे, कारण त्यांच्या बाराला फडकं लागलेलं मी कधी पाहिलं नाही. त्याआधीच्या आठवड्यात एका सराफाच्या सुनेनं मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. तिला नीट उमगलं नाही म्हणून तिनं गाव विचारलं, मग राहता कुठल्या भागात ते विचारलं, मग पौर्णिमेला विहारात जाता का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. जाते म्हटलं. सोमवारी फडकं आलं. या बायकांना सरळ बोलायचीसुद्धा हिंमत नव्हती. दुष्काळाच्या आडून, घामाच्या आडून, रुमालाच्या आडून बोलायचं. आमच्या हदगावकडच्या खेड्यातली माणसं निदान तोंडावर तरी बोलत. मी फडकं उचललं आणि बार घ्यायच्या आधीच रोज स्वतः पुसायला लागले, सगळ्यांच्या समोर, सावकाश, दोन्ही टोकांपर्यंत. माझ्या आधी त्याला कोण शिवलंय, याची मलाही काळजी घ्यायला नको का?

तरी मी तो वर्ग सोडला नाही. अंगात काहीतरी बदलत होतं आणि ते कुणाच्या मेहेरबानीनं नव्हतं. पाठ वाकायची थांबली. टँकरवरून दोन्ही हातांत घागरी घेऊन मी जिना चढायचे आणि वर पोचल्यावर श्वास तसाच असायचा. चकत्या वाढत गेल्या. उचलायच्या आधी मी दरवेळी डोळ्यांसमोर लोखंडी पलंग आणायचे, आईच्या काखेत हात घालायचे आणि मग उठायचे.

महिला दिनाला व्यायामशाळेत कार्यक्रम झाला. सगळ्यांनी फेटे बांधायचे, नऊवारी नेसायची, असं ठरलं. नऊवारीत लोखंड उचलणारी मराठवाड्याची रणरागिणी वगैरे बातमी पेपरात यायची होती. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरं कापड, त्यावर एक बार ठेवला होता, खऱ्या लोखंडी चकत्या लावून. बाराला हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. पाहुण्या बाईंनी नारळ फोडला. भाषणात नवा जिल्हा आला, नारीशक्ती आली, पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. फोटोग्राफरनं सांगितलं तशा सगळ्या टेबलामागे उभ्या राहून बाराला नुसता हात लावून हसल्या. घाम कुणालाच आला नाही.

कार्यक्रम संपला, टेबल मंडपवाल्याला परत द्यायचं होतं आणि बार काही खाली उतरेना. पोरगा पाहुण्यांना सोडायला गेला होता. चार फेटेवाल्या चारी बाजूंनी खुडबुड करून दमल्या. शेवटी मागच्या रांगेतून मला हाक मारली. मी पुढे झाले, बार पोटाशी घेतला, दोन पावलं मागे आले आणि गुडघे वाकवून जमिनीवर ठेवला. हार घसरून माझ्या पायावर पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सराफाची सून म्हणाली, “तुमच्यात ताकद असतीच बाई. कष्टाची सवय ना.”

मी म्हटलं, “हाव. तुमच्यात जशी बसून बघायची असती.”

त्यानंतर माझ्याशी कुणी बोलेना. मला ते फार सोयीचं झालं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. तोवर मी नवा पलंग आणून खिडकीशी लावला होता, दिवसा सोबतीला एक बाई बोलून ठेवली होती. आईचं वजन किती असेल याचा अंदाज बांधून त्याहून बरंच जास्त मी रोज उचलत होते. पहिल्याच रविवारी एसटी धरली. जळकोट, जांब करत नांदेड येईपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती उघडी ढेकळं. उतरल्यावर घरी जायच्या आधी दुसऱ्या दिवसासाठी एक जीप सांगितली, मागची सीट आडवी होणारी.

आई तशीच होती, कपाटाकडे तोंड करून. अंगावर चादर. भाऊ-भावजय घरीच होते. मी चहासुद्धा घेतला नाही. म्हटलं, बघा आता. पाय रोवले, पाठ सरळ केली, आईच्या पाठीखालून आणि मांडीखालून हात घातले, श्वास घेतला आणि पायांवर जोर देऊन उठले. आई उठली. अगदी अलगद उठली.

आणि तिच्याबरोबर पलंगही उठला.

अलीकडची बाजू फरशी सोडून वर आली, लोखंड कर्रकर्र वाजलं. मला वाटलं लुगडं अडकलं. चादर घसरून खाली पडली तेव्हा दिसलं. आईच्या डाव्या हाताची मूठ पलंगाच्या पट्टीला घट्ट आवळलेली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

भावजय दारात उभी होती. हळू आवाजात म्हणाली, “ताई, दिवाळीला बी असंच धरलं हुतं त्यांनी.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“कसं बोलू? त्यांनी मला डोळ्यानं नको म्हणलं.”

म्हणजे ही काडी बाई आईला रोज उचलत होती, कारण तिच्या हातात आई अंग सोडत होती. आणि मी अख्खा दुष्काळ लोखंडाशी झोंबत होते. माझ्या डोक्यात जाळ झाला.

“आई, हात सोड.”

“न्हाई सोडत.”

“उद्याची जीप सांगितलीय मी.”

“त्याला न्हाई म्हणून सांग. लेकीच्या घरी जाऊन पडू का मी? लेकानं घालवून दिली म्हणतील लोक.”

“कोण लोक? माझ्याकडे ना जावई, ना सासू. कुणाची लाज धरायची तिथं?”

“तुझं लगीन न्हाई झालं म्हणून ते लेकीचं घर न्हाई व्हय?”

आम्ही धम्म घेतला त्याला दोन पिढ्या झाल्या. देव सोडले, उपास सोडले, गावकीची कामं सोडली. लेकीच्या घरचं पाणी नको, हे मात्र आईनं कुठल्या खिशात जपून आणलं होतं कुणास ठाऊक. फडकं आणून ठेवणाऱ्या त्या बायकांकडे मी जसं बघायचे, तसंच मी तिच्याकडे बघायला गेले. आणि मला ते धड जमलं नाही.

मी तिला तशीच धरून उभी होते. दम लागला नव्हता. अजून कितीतरी वेळ उभी राहू शकले असते. तिला एका हातावर पेलून दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक करून सोडवणंही मला आता जमलं असतं, आणि हे तिला माझ्या दंडांवरून कळत होतं. ती भ्यालेली नव्हती. अगदी जवळून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तुझा भाऊ सांगत हुता,” ती म्हणाली, “तू तिथं पैशे देऊन लोखंड उचलून राहिली म्हणं.”

“हाव.”

“उचलून मग काय करती?”

“खाली ठेवते.”

“मग ठेव,” आई म्हणाली.

मी ठेवलं. तेव्हा कुठे तिनं पलंग सोडला.